नांदायला न जाण्याची चार वर्षं

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांच्यासमोर दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा दावा पुन्हा उभा राहिला. खरं तर त्यात फारसं काही उरलं नव्हतं, कारण कायदा काय आहे ते वरच्या न्यायासनाने आधीच सांगून ठेवलं होतं. फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याच्या घरी जाऊन राहा, नाही गेलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी आपण कैद भोगू असं कळवलं.

त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. दोघींच्या वयात जेमतेम चार महिन्यांचं अंतर. आनंदीबाईंच्या शिक्षणामागे नवऱ्याचा हट्ट होता, तर रखमाबाईंचं नाव जगाला कळलं ते नवऱ्याने भरलेल्या खटल्यामुळे. त्या आठवड्यातली मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्या घरात या दोन बातम्या एकाच बैठकीत वाचल्या गेल्या असतील, असं मला नेहमी वाटतं.

मराठीत मुलीचं लग्न 'होतं' आणि मग ती 'नांदायला जाते'. पहिल्यात तिचा हात नसतो, दुसऱ्यात पाय तेवढे तिचे. नांदणं म्हणजे नुसतं राहणं नव्हे. सणवार, पोरंबाळं, दुखणीखुपणी, सासूचं आजारपण, दिराचं लग्न असं पुढच्या पन्नास वर्षांचं सगळं त्या एका शब्दात आलं. आणि 'ती नांदत नाही' एवढं वाक्य उच्चारलं की गावात आजही पुढचं कुणी विचारत नाही, निकाल लागलेला असतो. रखमाबाईंचं प्रकरण या एका शब्दाभोवतीचं आहे. कोर्टाच्या कागदांत त्याला जड नाव होतं, आजच्या कायद्याच्या मराठीत 'दांपत्याधिकारांचे प्रत्यास्थापन' म्हणतात. घरगुती भाषेत सांगायचं तर बायको नांदायला येत नाही, तिला कोर्टाने धाडावी.

चाकोरीतलं आयुष्य की स्वतः निवडलेलं, अशी चर्चा हल्ली निघाली की समोर दोन दारं आहेत असं गृहीत धरलेलं असतं. एकावर बँकेतली नोकरी, दुसऱ्यावर गावाकडची शेती, माणसाने धीर करून दुसरं ढकलायचं. रखमाबाईंचं प्रकरण मला त्यासाठीच महत्त्वाचं वाटतं, कारण १८८४ साली त्यांच्यापुढे दुसरं दार नव्हतंच. होता तो फक्त नकार. त्या डॉक्टर झाल्या त्या पुढे. आपण मात्र ही गोष्ट सांगताना उलटी सांगतो: डॉक्टर व्हायचं होतं म्हणून नवऱ्याला नाकारलं. तारखा लावून पाहिल्या की ते टिकत नाही.

आधीचं घर

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४चा. जात सुतार. ही बाब तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण या जातीत विधवेचं दुसरं लग्न चालत होतं आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्यापूर्वी पहिल्या नवऱ्याची, म्हणजे जनार्दन पांडुरंग यांची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावावर करून दिली. हा कागद लक्षात ठेवायचा, पुढे त्याच्यावरून बरंच रामायण झालं.

सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजातले, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली तेव्हाच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय नावं होती, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि हे. असा माणूस घरात असूनही रखमाचं लग्न अकराव्या वर्षी झालंच. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, गरीब. ठरलं असं होतं की त्याने घरजावई म्हणून राहायचं, सासऱ्याच्या खर्चाने शिकायचं आणि कर्तासवरता व्हायचं. पोरगी दूर जायला नको, जावई हाताखाली तयार होईल, असा त्या काळच्या मध्यमवर्गी शहाणपणाचा हिशोब. सुधारक घरं बहुधा अशीच वागतात: रूढी मोडायची नाही, तिच्या कडा तेवढ्या घासून गुळगुळीत करायच्या.

तो हिशोब फसला. दादाजीचं शाळेत मन रमेना. त्याची आई वारली आणि तो मामाकडे, नारायण धुरमाजींकडे, राहायला गेला. इकडे रखमा वयात आली. रिवाजाप्रमाणे आता गर्भाधान व्हायला हवं होतं. सखाराम अर्जुनांनी डॉक्टर म्हणून त्याला नकार दिला, एवढ्या लहान वयात नाही म्हणाले. या प्रकरणातला पहिला 'नाही' रखमाबाईंचा नव्हे, सावत्र बापाचा आहे. त्याने तिला सात-आठ वर्षं मिळवून दिली. शाळा सुटली होती, पण फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं घरी येत आणि मुलगी वाचत बसे. घरी डॉ. सखाराम अर्जुनांच्या निमित्ताने सुधारक मंडळींचा राबता असे.

या सात-आठ वर्षांत कुणी काही ठरवलं असं दिसत नाही. आज पाठवू, उद्या पाठवू, जावई जरा मार्गी लागू दे. माणसाचं मन बनायला अशी लांबलेली वेळ पुष्कळ होते.

'नाही' कुणाचा?

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत सखाराम अर्जुनांना पत्र धाडलं: माझ्या बायकोला माझ्याकडे पाठवा. माणसंही न्यायला येऊन गेली. सखाराम अर्जुनांचं उत्तर, तेही वकिलामार्फतच, असं की मी तिला अडवलेलं नाही. त्या एका वाक्याने नकाराची मालकी बदलली. आतापर्यंत बाप पाठवत नव्हता, आता मुलगी जात नव्हती. रखमाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या.

दादाजीने हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंच्या बाजूने जी कारणं मांडली गेली ती ऐकायला अगदी व्यवहारी आहेत: नवऱ्याला पोसण्याची ऐपत नाही, त्याची प्रकृती बरी नसते, मामाच्या घरचं वातावरण ठीक नाही. मुळातलं कारण त्यांच्यामागे दडलेलं होतं: लग्न झालं तेव्हा मला कळत नव्हतं आणि मी त्याला संमती दिलेली नाही. कोर्टात बचाव म्हणून असलं कारण उभं करणं वकिलालाही कठीण, कारण ते मान्य केलं तर देशातली निम्मी लग्नं डळमळतील. बचावाच्या वकिलांत इन्व्हेरॅरिटी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते.

दादाजीची बाजूही नीट ऐकायला हवी. पुढे १८८७ मध्ये त्याने इंग्रजीत एक निवेदन छापलं. त्याचं म्हणणं, हा सगळा मालमत्तेचा मामला आहे. मुलगी नांदायला गेली तर तिच्या नावची इस्टेट हातून जाईल म्हणून तिची आई आणि आजोबा तिला फितवताहेत. रखमाबाईंनी त्याला जाहीर उत्तर दिलं आणि उलट बोट दादाजीच्या मामाकडे दाखवलं. कुणाचं किती खरं, ते आज ठरवता येणार नाही. पण एक गोष्ट मला खटकत राहते. रखमाबाईंच्या निवडीबद्दल आपण पानंच्या पानं लिहितो, दादाजीने काय निवडलं होतं? एकोणिसाव्या वर्षी त्याचंही लग्न लावून दिलं गेलं, घरजावई म्हणून कुठे राहायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं, मग मामाने ठरवलं. आखून दिलेल्या आयुष्यात त्याला एकच गोष्ट हक्काची म्हणून मिळाली होती आणि तीच यायला तयार नव्हती. त्याचा दावा मला पटत नाही. त्याची अडचण मात्र समजते.

निकालाच्या आधी, २६ जून १८८५ रोजी, 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'अ हिंदू लेडी' या सहीने बालविवाहावर पत्र आलं. सप्टेंबरात त्याच सहीचं दुसरं पत्र, लादलेल्या वैधव्यावर. लिहिणारी कोण, ते उलगडायला वेळ लागला. पहिल्या पत्रात तिने स्वतःबद्दल जे सांगितलं त्याचा मथितार्थ एवढा: या लग्नाने माझं वाचन, माझा अभ्यास हिरावला. डॉक्टर होण्याचा त्यात उल्लेख नाही. तिला हवं होतं वाचत बसणं. बस्स.

पहिल्या पत्राच्या आधी, १८८५च्या एप्रिलमध्ये, सखाराम अर्जुन वारले होते. म्हणजे पत्र लिहिताना पाठीशी बाप नव्हता, दावा अंगावर होता, आणि घरात दुसऱ्यांदा विधवा झालेली आई.

पिन्ही आणि नंतर

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा विलक्षण साधा होता. एखादी गोष्ट पुन्हा प्रस्थापित करायची तर ती आधी असावी लागते. हे दोघे नवरा-बायको म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत. लहानपणी, असहाय असताना लग्न लावलेल्या तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध त्या माणसाकडे जायला भाग पाडणं रानटीपणाचं होईल, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. शिवाय असा दावा मूळ हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आला आहे.

इथे खरी गंमत आहे. 'केसरी' आणि 'मराठा' या टिळकांच्या पत्रांनी आणि सनातनी मंडळींनी निकालावर झोड उठवली ती 'आमच्या धर्मात ढवळाढवळ' म्हणून. आणि ज्या हत्याराने बाईला परत आणायचं ते हत्यार होतं विलायती. तेही तिकडे बोथट करून टाकलेलं: १८८४ साली, म्हणजे दादाजीने दावा लावला त्याच वर्षी, इंग्लंडने असा हुकूम न पाळणाऱ्याला कैदेत टाकण्याची तरतूद काढून टाकली. हिंदुस्थानच्या दिवाणी संहितेत ती राहिली. धर्म हिंदूंचा, दावा चर्चचा, तुरुंग सरकारचा आणि अंग एका सुताराच्या मुलीचं.

१८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी अपिलात पिन्हींचा निकाल फिरवला. लग्न पुरं झालेलं आहे, आधी एकत्र राहिले की नाही याने फरक पडत नाही. प्रकरण पुन्हा खाली आलं आणि फॅरन यांच्यापुढे ४ मार्च उजाडला.

या मधल्या काळात त्या काय करत होत्या? घरी राहत होत्या. आर्य महिला समाजाच्या बैठकींना जात होत्या. ही मला सर्वांत अवघड गोष्ट वाटते. पळून जाणं, घर सोडणं, नोकरीचा राजीनामा देणं, यात एक क्षण असतो, त्यानंतर मागचं तुटतं. इथे तसा क्षण नाही. त्याच घरात, त्याच माणसांत, रोज उठून तोच नकार नव्याने द्यायचा. आणि 'बरं, जाते' म्हणायची सोय रोज हजर. एवढे दोन शब्द उच्चारले असते तर खटला संपला असता, वर्तमानपत्रं गप्प झाली असती, आईच्या मागची कटकट गेली असती. चार वर्षं ते दोन शब्द न उच्चारणं, हे या प्रकरणातलं कर्तृत्व.

दोन हजार रुपये

तुरुंगात जायची वेळ आली नाही. सुधारक पत्रकार बेहरामजी मलबारी वगैरे मंडळींनी रखमाबाईंच्या बचावासाठी समिती उभी केली, विलायतेत संस्कृत पंडित मॅक्सम्युलरने लेखणी उचलली. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने खर्चापोटी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावायचा नाही असं कबूल केलं. पुढे त्याने दुसरं लग्न केलं.

इंटरनेटवर जिथे तिथे लिहिलेलं असतं की राणी व्हिक्टोरियाने हे लग्न रद्द केलं. गोष्ट म्हणून झकास आहे. राणीने तलवारीसारखं फर्मान काढायचं आणि मुलगी मोकळी. पण झालं ते दोन हजारांत झालं, आणि लग्न रद्द झालंच नाही. कायद्याच्या नजरेने रखमाबाई दादाजी मरेपर्यंत त्याच्या पत्नीच होत्या. 'नांदायला नेणार नाही' एवढीच हमी पदरात पडली. नाइलाज काढून टाकायला पैसे लागले, हे कुणाला कमीपणाचं वाटतं म्हणून राणी आणावी लागते की काय, कोण जाणे. मला तर ते दोन हजार जास्त मोलाचे वाटतात. आईने मालमत्ता नावावर केली नसती, जातीत पुनर्विवाह चालत नसता, सावत्र बाप डॉक्टर नसता, इंग्रजी येत नसतं, तर तोच करारी स्वभाव असलेली बाई १८८४च्या पावसाळ्याआधीच नांदायला गेली असती आणि आपल्याला तिचं नावही ठाऊक नसतं. निवड करायला मनगट लागतं हे खरं, पण ते टेकवायला काहीतरी लागतं. आपल्याकडच्या 'मन की सुनो' छापाच्या भाषणांतून नेमका हा टेकू गाळलेला असतो.

दुसरं दार

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी पुढची वाट दाखवली. पीचीबाई स्वतः एडिंबरो विद्यापीठाशी भांडून वैद्यक शिकलेल्या सात जणींपैकी. त्यांनी पैसे जमवायला मदत केली आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकायला गेल्या. तडजोडीनंतर वर्षभराने. तारखांचा क्रम हा असा आहे: आधी नकार, मग मोकळीक, मग काय करायचं ते. १८९४ मध्ये शिक्षण पुरं झालं, ब्रुसेल्सची एम.डी.ही मिळवली. १८९५ मध्ये त्या सुरतेला स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या. तिथे प्लेगच्या साथीत केलेल्या कामाबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळालं. नंतर राजकोटचं रसूलखानजी जनाना इस्पितळ. एकूण सुमारे पस्तीस वर्षं. (पहिली भारतीय स्त्री डॉक्टर कोण, या वादात मी पडत नाही. कादंबिनी गांगुली आधीपासून कलकत्त्यात काम करत होत्या.)

त्या पस्तीस वर्षांबद्दल सांगण्यासारखं नाट्य फारसं नाही, आणि हे मला फार आवडतं. सकाळी इस्पितळ, बाळंतपणं, नोंदी, पुन्हा सकाळी इस्पितळ. बाहेरून पाहणाऱ्याला तेही आखून दिलेलंच आयुष्य वाटलं असतं. एवढा खटला लढून बाईने काय मिळवलं, तर सरकारी धाटणीची नोकरी! मिळवलं ते बरोबर तेच.

१९०४ साली दादाजी भिकाजी वारला. आणि रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली.

या ठिकाणी प्रत्येक वाचक अडखळतो, मीही अडखळलो. ज्या माणसाबरोबर एक दिवस काढला नाही, ज्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटलं, लादलेल्या वैधव्यावर जिने वीस वर्षांपूर्वी जाहीर पत्र लिहिलं, तिने त्याच्यासाठी पांढरं नेसावं? कुणी म्हणतं संस्कार सुटत नाहीत. कुणी म्हणतं लोकलाजेस्तव, सुरतेतल्या बायकांनी इस्पितळात यावं म्हणून. जन्मभर फक्त खटल्यातली बाई म्हणून ओळख राहिलेलीला पांढऱ्या लुगड्यात एक साधी, सगळ्यांना कळणारी ओळख मिळाली असेल, असंही मला कधी वाटतं. त्यांनी स्वतः खुलासा केलेला माझ्या वाचनात नाही, आणि खुलासा द्यायला त्या बांधील नव्हत्या. तेव्हा त्या चाळिशीला आल्या होत्या, स्वतः कमवत होत्या, आणि पांढरं नेसा असं फर्मावणारं घरात कुणी नव्हतं. म्हणून मी ते हार म्हणून मोजत नाही. नांदायला जा म्हणून हुकूम होता तेव्हा गेल्या नाहीत. विधवा व्हा असा हुकूम कुणी दिला नाही, तेव्हा झाल्या.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या, पडदापद्धतीविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या गेल्या, नव्वद वर्षांच्या होऊन.

चारच महिने आधी, १८ मे १९५५ला, हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्यातल्या १३व्या कलमाने हिंदू स्त्रीला जवळजवळ देशभर घटस्फोट मिळाला. आणि ९व्या कलमात दादाजीचा दावा जसाच्या तसा बसवलेला होता. त्यातली बायकांना कैदेत टाकायची तरतूद १९२३ मध्येच गेली होती, दावा मात्र राहिला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा उभं केलं. आजही कुटुंब न्यायालयात ९व्या कलमाखाली अर्ज पडतात, बायकोविरुद्ध आणि नवऱ्याविरुद्धही.

१९७६ मध्ये १३व्या कलमात एक पोटकलम आलं: पंधराव्या वर्षाआधी लग्न लावलेल्या मुलीने पंधरा ते अठराच्या दरम्यान ते लग्न नाकारलं असेल, तर त्या आधारावर तिला घटस्फोट मागता येतो. रखमाबाईंना माणसं न्यायला आली तेव्हा त्या एकोणीस वर्षं चार महिन्यांच्या होत्या, म्हणजे या कलमात त्या बसल्या नसत्या. २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मात्र सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत लग्न रद्द करून घेता येतं. त्या हिशोबाने मार्च १८८४ मध्ये त्यांच्या हातात आठ महिने होते.